बुवांच्या कमरेचं शिसं

"बुवा, पोट आत घ्या. आणखी. अहो, आणखी घ्या की! काल काय मोदक हाणलात काय?"

दिगूशेट गुडघ्यांवर बसून त्र्यंबकबुवांच्या कमरेला शिशाचा पट्टा आवळत होता. तोंडात गुटख्याचा तोबरा. बोलताना तांबडे थेंब बुवांच्या पांढऱ्या धोतरावर उडत होते आणि बुवा ते दिसूनही न दिसल्यासारखं करत होते.

आमची शेड म्हणजे समुद्रालगतची पत्र्याची खोली. भिंतीला रबरी सूट टांगलेले. पाण्यात उतरलेला पर्यटक घाबरला की सुटातच मुततो. दिगूशेट ते सूट नुसते उलटे करून उन्हात टाकायचा, धुवायचा नाही. तोंडात धरायच्या नळ्या एका बादलीत पडलेल्या असत. ह्याच्या तोंडातली काढली, बुचकळली, त्याच्या तोंडात दिली. बादलीतल्या पाण्यावर साय धरलेली असायची. अशा वासात, ओल्या सिमेंटवर, पगडी घालून अनवाणी उभे होते आमच्या वाघाळी गावचे कीर्तनकार. गादीवर उभे राहिले की ज्यांच्या पायांवर म्हातारी म्हातारी माणसं डोकं ठेवत, ते.

मी तेव्हा दिगूशेटकडे डायव्हर होतो. दिवसा पर्यटकांना पाण्याखाली मासे दाखवायचे आणि संध्याकाळी देवळात बुवांच्या मागे झांज धरायची, असा माझा दिनक्रम. सकाळचं पोटासाठी, संध्याकाळचं माझ्यासाठी.

"शेट, वजान जास्त झाला," मी म्हटलं. "बुवांच्या अंगाक शिशाचे दोन वडये खूप झाले. तुम्ही पट्टो भरून टाकलास."

"तू झांज वाजव रे, बाबल्या." दिगूशेटने वरही बघितलं नाही. "खाली पाणी हलता. बुवा कीर्तनाक उभे रवले आणि पतंगासारखे उडाले तर लोक हसतले. माका बुवा उभे व्हये. खांबासारखे."

"पण—"

"असू दे रे बाबल," बुवा म्हणाले. "लग्न झाल्यापासून वजन बाळगतोच आहे. तुझी काकी इथे नाही म्हणून बोलतो हो."

आणि स्वतःच खुदकन हसले. पट्टा इतका आवळलेला, की हसू अर्ध्यावर अडकलं.

दिगूशेटच्या डोक्यात ही कल्पना आली होती ती जाहिरातीसाठी. समुद्राच्या तळाशी कीर्तन. धोतर, अंगरखा, पगडी, हातात चिपळ्या, भोवती मासे. पुण्याहून एक कॅमेरावाला मुलगा आणला होता. "सगळ्या किनाऱ्यार असा कोणाकडे नाय," दिगूशेट येईल त्याला सांगायचा. आणि बुवा तयार झाले होते. कारण आदल्या सप्ताहात त्यांनी सातही दिवस कीर्तन केलं, तेव्हा समोर पाच म्हाताऱ्या, देवळाचा कुत्रा आणि पायरीवर आमचा बोटवाला इनास फर्नांडिस एवढेच होते. इनास रविवारी चर्चमध्ये जायचा आणि बाकीचे दिवस बुवांच्या आख्यानांना. "पाद्री आमचो बरो," म्हणायचा, "पण गजाली सांगूच्यो तर बुवांनीच."

शेडकडे येताना वाटेत बुवा मला म्हणाले होते, "बाबल, माणसं कीर्तनाला येत नसतील, तर कीर्तनानं माणसांकडे जायला नको का? हा मोबाइल म्हणजे घरोघर मांडलेली गादीच की. दिगंबर म्हणतो, हजारो लोक बघतील."

"काकींना सांगितलंत?"

"वेडा आहेस? ती म्हणेल, साठी उलटली आणि बुवा समुद्रात नाचायला निघाले."

मला दिगूशेटची पद्धत माहीत होती. मला पाण्यातलं शिकवलं ते नौदलातून निवृत्त झालेल्या एका पाणबुड्या साहेबांनी. त्यांचा पहिला धडा वजनाचा. माणसाला नेहमीचा श्वास छातीत धरायला सांगून पाण्यात सरळ उभा सोडायचा. पाणी त्याच्या डोळ्यांपाशी आलं पाहिजे. श्वास सोडला की तो हळूच खाली गेला पाहिजे. झालं वजन. त्यावर एक वडीसुद्धा नाही. आणि पट्टा नेहमी सगळ्यात वर. त्याच्यावर कपडा नको, दोरी नको, काही नको. एका हातानं बकल ओढलं की पट्टा गळून पडला पाहिजे. "शिसं माणसाला खाली न्यायला नसतं," साहेब म्हणायचे, "वर जाताना टाकून द्यायला असतं."

दिगूशेटचं शास्त्र वेगळं. जाळ्याला लावायचं शिसं वितळवून त्यानं स्वतः वड्या पाडल्या होत्या, आणि कुठल्याही पर्यटकाला तो त्या अशा बांधायचा की माणूस पोत्यासारखा तळाशी बसावा. तरंगणारा पर्यटक लाथा मारतो, हात झटकतो, फोटो बिघडवतो. पोत्याचा फोटो बरा येतो. आम्ही त्या माणसांच्या जॅकेटात हवा भरून भरून त्यांना वर आणायचो, म्हणून निभायचं.

बुवांना जॅकेट नव्हतं. जॅकेट घातलं तर अंगरखा कसा दिसणार?

आदल्या दिवशी शेडमागच्या पाण्याच्या टाकीत तालीम झाली. पगडी तरंगली. ती हनुवटीखालून दोरीनं बांधायचं ठरलं. मग बुवांनी चिपळ्या पाण्यात धरल्या आणि हात सैल सोडले, तर चिपळ्या टुणकन वर. लाकूडच ते. बुवांच्या गुरूंनी दिलेल्या त्या चिपळ्या, घरातून निघताना बुवा कपाळाला लावून पिशवीत ठेवत.

"देवाचा सगळाच तरंगता," दिगूशेट म्हणाला. त्यानं एक चिपळी जमिनीवर टाकली, तिच्यावर पाय दिला आणि ड्रिल लावलं. भोकात शिसं ठोकलं. मग दुसरी.

बुवा तोंड फिरवून समुद्राकडे बघत राहिले. मी बघितलं ते सगळं. त्या दिवसापासून ड्रिलचा आवाज ऐकला की माझ्या दाढा आंबतात.

आता शेडमध्ये पट्टा बसला. वरून अंगरखा आला आणि शिसं झाकलं गेलं. मी म्हटलं, "बुवा, पट्टा अंगरख्याच्या वर घेऊ या. वाईट दिसला तरी चालेल."

"कीर्तनकाराच्या कमरेला शिसं?" दिगूशेट खेकसला. "लोक काय म्हणतले? हे कीर्तन करतत काय हमाली?"

मग बुवांनी खांद्यावरचं उपरणं घेतलं आणि सवयीप्रमाणे कमरेला गुंडाळून गच्च गाठ मारायला लागले. उत्तररंगाला उभं राहायचं तर कंबर कसायची, ही त्यांची आयुष्याची रीत. पूर्वरंगात उपरणं खांद्यावर, आख्यान सुरू झालं की कमरेला.

"बुवा, ते नका बांधू," मी हात धरला. "पट्टा सोडायची वेळ आली तर गाठ आड येईल. खांद्यावरच राहू दे."

"अरे, असं ढिलं ढिलं उभं राहून कुणी आख्यान लावतं का? नारदाची गादी आहे ती."

"तळाला वाळू आहे, बुवा. गादी नाही."

"मी उभा राहिलो की ती गादी." त्यांनी गाठ ओढली. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून आवाज मऊ केला. "तू आहेस ना शेजारी? मग मला कशाची भीती?"

दिगूशेटनं टाळी वाजवली. "चला, चला. उन्ह चढला की खालचा दिसाचा नाय."

मी म्हटलं, "शेट, माका ह्या पटणा नाय. मी नाय जावचंय."

"नको जाव. तो पोरगो उतरतलो कॅमेरो घेऊन. तोच देयत हवा." आणि पचकन शेडच्या दारातच थुंकला.

त्या पुण्याच्या मुलानं सिलिंडर उलटा उचललेला मी मघाशीच बघितला होता. मी गपचूप माझी हवेची टाकी पाठीला लावली. सुरी पोटरीला बांधली.

बोटीवर इनासनं बुवांना हात देऊन वर घेतलं आणि त्याचे डोळे मोठे झाले. "बाबल, बुवा एवढे जड कधी झाले?"

"शेटनं केले."

इनासनं दिगूशेटकडे बघितलं, गळ्यातला क्रूस शर्टाच्या आत टाकला आणि इंजिन चालू केलं.

ठरलं होतं ते असं. मी बुवांच्या डाव्या हाताला, कॅमेऱ्यात दिसणार नाही इतक्या अंतरावर बसायचं. माझ्या टाकीला दोन नळ्या, एक मला आणि एक बुवांना. कॅमेरावाल्यानं खूण केली की बुवांनी तोंडातली नळी काढून माझ्याकडे द्यायची, श्वास धरून हातवारे करायचे, नुसते ओठ हलवायचे, आणि लगेच नळी मागायची.

"नळी मागायला काय करू?" बुवांनी विचारलं.

"दोनय हात वर करा," दिगूशेट म्हणाला.

"ते तर नामघोषाला करतातच," मी म्हटलं. "मला कळणार कसं? बुवा, तुम्ही माझ्याकडे बघून मान हलवा. आणि अगदी नाहीच जमलं तर चिपळ्या सोडून द्या. त्या पडल्या की मी येतो."

"चिपळ्या मी कधी टाकलेल्या नाहीत हो," बुवा गंभीरपणे म्हणाले.

"म्हणूनच."

पाणी नितळ होतं, थंडीच्या दिवसांतलं. खोली फार नव्हती, दोन पुरुष असेल. पण बुवा दोर धरून उतरले ते उतरले नाहीत, पडले. दोर त्यांच्या मुठीतून सरसरत गेला. मी खाली पोचलो तेव्हा ते गुडघ्यांवर होते आणि काचेमागे त्यांचे डोळे लहान मुलासारखे झाले होते. पिवळ्या पट्ट्यांचे मासे त्यांच्या पगडीशी आले. बुवांनी त्यांना बोट दाखवलं, मग मला दाखवलं. मग वाकून वाळूला हात लावला, तो कपाळाला लावला आणि उठून उभे राहिले. खांबासारखे. पाणी मला आणि कॅमेरावाल्याला हलवत होतं, बुवा हलत नव्हते.

त्यांनी डोळ्यांवरची काच काढून माझ्याकडे दिली. खारं पाणी डोळ्यांत गेलं असणार, तरी डोळे उघडे ठेवले. नळी काढली. चिपळ्या वर नेल्या, एक पाऊल पुढे टाकलं, ओठ हलवले. मान माझ्याकडे वळली, मी नळी दिली. छान झालं. दुसऱ्यांदाही झालं. मला वाटलं, सुटलो.

कॅमेरावाल्यानं खूण केली: आणखी एकदा. तोंड मोठं उघडा.

तिसऱ्यांदा बुवांनी नळी काढली, हात वर नेले, आणि गायले.

पाण्याखाली आवाज ऐकू येतो. शब्द नाही, पण घुमारा येतो, कुठून येतो ते कळत नाही, सगळीकडून आल्यासारखा. मी वर्षानुवर्षं त्या आवाजामागे झांज धरलेली. मला चाल ओळखू आली. हात वर गेले, तोंड उघडलं, की चाळीस वर्षांची सवय त्यांच्या आतून उठली. बुवा ओठ हलवत नव्हते, नामघोष करत होते. तोंडातून बुडबुड्यांची माळ वर चालली होती. छातीतली सगळी हवा त्या एका ओळीत गेली.

आणि ओळ संपल्यावर गाणारा माणूस जे करतो ते त्यांनी केलं. पुढची ओळ उचलायला झटकन, तोंडानं, श्वास घेतला.

मी झेपावलो. बुवांचे दोन्ही हात वर गेले होते, बोटं पसरली होती, मान मागे पडली होती. पावलं वाळूत थयथयत होती. कॅमेरावाला समोर गुडघ्यांवर बसून घेतच होता. चिपळ्या अजून कड्यांनी बोटांत अडकलेल्या होत्या. मी पोचलो तेव्हा एक सुटली आणि शिसं भरलेलं ते लाकूड दगडासारखं खाली गेलं.

नळी तोंडाशी नेली. दात मिटलेले. मी त्यांच्या काखेत हात घालून पाय मारले. वाळू उडाली, बुवा नाही. मी जॅकेटात हवा भरली, दोघंही थोडे वर उचलले गेलो आणि परत बसलो. माझा हात त्यांच्या कमरेशी गेला. उपरण्याची गाठ भिजून सुपारीसारखी झालेली. सुरी काढली. उपरणं कापलं. अंगरखा वर ओढला, बकल सापडलं, ओढलं. सुटेना. पुन्हा ओढलं. बोटांना दोरी लागली.

दिगूशेटनं बकलात सुतळी ओवून गाठ मारून ठेवली होती. पट्टा घसरू नये म्हणून. मला न सांगता. गुडघ्यांवर बसून, गुटखा चघळत, 'पोट आत घ्या' म्हणत.

मी पट्टाच कापला. शिसं गेलं आणि बुवा माझ्या हातात एकदम हलके झाले, इतके, की मलाच घेऊन वर निघाले. वर येताना मी त्यांच्या पोटाशी मूठ दाबून धरली होती, काही हवा आत राहिलीच असेल तर बाहेर पडावी म्हणून. साहेबांनी शिकवलेलं तेवढंच आठवलं. एरवी मी देवाचं नाव घेतो. तेव्हा ते सुचलंही नाही.

इनासनं बुवांना अंगरख्याला धरून बोटीत ओढलं. पालथं केलं. तोंडातून पाणी आलं, मग सकाळचा चहा, मग गुलाबी फेस. तो दिगूशेटच्या पायांवर पडला.

दिगूशेट मागे सरला. बोटीच्या कडेवरून हात घालून त्यानं ओंजळीत पाणी घेतलं आणि पाय धुतले. आधी डावा, मग उजवा. मग बोटीला येऊन लटकलेल्या कॅमेरावाल्याला विचारलं, "शेवटचा गावला?"

मुलगा म्हणाला, "सर, ते... हो, रेकॉर्ड झालंय, पण मला वाटलं ते परफॉर्म..."

"झाला मग."

"मेल्या दिगू!" इनास ओरडला. एवढ्या वर्षांत त्यानं शेटला अशी हाक मारलेली मी ऐकली नव्हती. "माणूस मरता आणि पाय कसले धुतंस? दोर सोड!"

बुवा मेले नाहीत. जिल्ह्याच्या इस्पितळात तोंडावर हवेचा मुखवटा लावून पडून राहिले. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसात खारं पाणी गेलंय, जीव राहील, दम पूर्वीसारखा राहणार नाही. काकी बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं, सुतळीसकट. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि फक्त एवढंच विचारलं, "गायले? पाण्यात?"

"हो, काकी."

"गायलेच असतील. झोपेतसुद्धा थांबत नाहीत." आणि पदरात तोंड घातलं.

काही दिवसांनी तिथेच एक नर्स आली. तिनं बुवांच्या खाटेपाशी जाऊन पायांवर डोकं ठेवलं. मला कळेना. मग तिनं मोबाइल दाखवला.

बुवा तळाशी उभे होते. मासे होते. बुवांचे हात वर गेले, बोटं पसरली, मान मागे पडली, डोळे फिरले, पावलं थयथयली. वर बुवांच्याच आवाजातला नामघोष लावलेला, कुठल्या तरी जुन्या कीर्तनातला, खणखणीत. मी जिथे आत शिरतो त्याच्या क्षणभर आधी सगळं पांढरं होत होतं, आणि अक्षरं येत होती: समुद्राच्या पोटात भक्ताचं भान हरपलं. त्याखाली दिगूशेटच्या धंद्याचं नाव आणि फोन.

"काय हो ती तंद्री!" नर्स डोळे पुसत म्हणाली. "मी रोज सकाळी लावते."

मी बाहेर गेलो आणि वाघाळीची पहिली एसटी धरली.

दिगूशेटकडे गेलो तेव्हा तो शेडबाहेर खुर्चीवर बसला होता. गाड्या लागल्या होत्या, माणसं रांगेत होती.

"ता काढ," मी म्हटलं.

"कित्याक? बुवांचा केवढा नाव झाला. आमच्या गावाचा झाला."

"त्यात बुवा बुडतहत, शेट."

त्यानं स्वतःचा मोबाइल माझ्यापुढे धरला. "बघ. बघ नि सांग. बुडताना दिसतहत?"

मी बघितलं. आणि सांगतो, दिसत नव्हते. मला माहीत असूनही क्षणभर माझे हात जुळायला निघाले होते. त्या क्षणाची मला जेवढी किळस आली तेवढी दिगूशेटचीही आली नाही.

नोकरी मी तिथेच सोडली. इनासला घेऊन चौकीवर गेलो. हवालदारानं आमचं ऐकून घेतलं, मग म्हणाला, कुठला, तो कीर्तनाचा व्हिडिओ? त्यानं तो लावला, शेवटपर्यंत बघितला आणि टेबलावरच्या मोबाइलला नमस्कार केला. "आणि तुम्ही म्हणता बुडतायत," तो म्हणाला. "असं बोलू नये हो. पाप लागतं."

"माका पाप लागाचा तर लागांदे," इनास म्हणाला, "पण तुमी परत एकदा बघा. पाय बघा." हवालदारानं पाय बघितले नाहीत.

बुवा घरी आले. ओसरीवरून माजघरात जायला त्यांना मध्ये थांबावं लागे. त्यांना मी काही दाखवलं नव्हतं. पण गावात काय लपतं? कुणीतरी भक्तिभावानं येऊन दाखवून गेलं. बुवांनी बघितलं आणि मोबाइल परत दिला. 

मग देवळाच्या उत्सवात दिगूशेटनं त्यांचा सत्कार ठरवला. मी म्हटलं, "बुवा, नका जाऊ."

"जायला हवं," बुवा म्हणाले. दोन शब्दांनंतर श्वास घेत. "माणसं येतील. त्यांना सांगायला हवं."

माणसं आली. वाघाळीच्या देवळात मी तेवढी माणसं आधी बघितली नव्हती, नंतरही नाही. सभामंडप भरला, पायऱ्या भरल्या, लोक आवाराच्या गडग्यावर बसले. ज्या गर्दीसाठी बुवा जन्मभर तळमळले ती सगळी समोर होती. दिगूशेटनं शाल घातली, नारळ दिला, स्वच्छ पांढऱ्या कपड्यांत बुवांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि म्हणाला, "बुवा, दोन शब्द. चार ओळी. लोकांची इच्छा आसा."

बुवा गादीवर उभे राहिले. मी मागे झांज घेऊन. पेटीनं सूर दिला. बुवांनी ओळ उचलली. अर्ध्यात दम तुटला. पुन्हा उचलली. पुन्हा तिथेच तुटली. सभामंडप इतका शांत झाला, की बुवांच्या छातीतला घरघराट मला मागे ऐकू येत होता.

त्यांनी पेटीवाल्याला थांबवलं.

"मंडळी," ते म्हणाले. "तुम्ही जे बघितलंत... त्यात माझं भान... हरपलेलं नाही." श्वास. "मला चांगलं भान होतं. मी देवाला... बोलावत नव्हतो. हवा मागत होतो. मी बुडत होतो." श्वास. "माझ्या कमरेला... शिसं बांधलं होतं. गाठ मारून. ह्या बाबलनं... कापलं. तुम्ही बुडणाऱ्या माणसाला... हात जोडता आहात."

कुणी हललं नाही. मला वाटलं, पोचलं. आता दिगूशेटकडे माना वळतील.

मग पुढच्या रांगेतली एक बाई हुंदका देऊन म्हणाली, "बघा, किती नम्रता!"

"बुडालोच म्हणतात," कुणी पुरुष म्हणाला. "भवसागरात बुडालो म्हणतात."

आणि मागून कुणीतरी नामघोष सुरू केला. तो पसरत पुढे आला, पायऱ्यांवरून, खांबांमधून. टाळ्या सुरू झाल्या. बुवा "नाही, नाही, ऐका" म्हणत होते. ओठ दिसत होते, आवाज नव्हता. त्यांनी लोकांना थांबवायला दोन्ही हात वर केले. त्याबरोबर सगळा मंडप उठून उभा राहिला आणि सगळ्यांचे मोबाइल वर आले. दिगूशेटचा सगळ्यांत पुढे होता.

मी झांज खाली ठेवली. पुढे गेलो, बुवांच्या काखेत हात घातला.

"बाबल," ते माझ्या कानाशी म्हणाले, "ह्यांना नाही ऐकू येत. बाहेर ने."

आरतीआधी गादी सोडायची नसते. बुवांनी सोडली. माणसं पाया पडायला वाकत होती, मी त्यांना कोपरानं बाजूला करत होतो, आणि इनास पायरीवरून पुढे घुसून वाट करून देत होता: "सरा! सरा रे! हवा येऊंदे बुवांका!"

दीपमाळेपाशी काकी उभ्या होत्या. त्या आत आल्याच नव्हत्या. बुवांनी दीपमाळेला हात टेकला आणि बराच वेळ नुसता श्वास मिळवला. मग अंगावरची शाल ओढली, तिच्या जरीच्या काठानं ओठांवरची लाळ पुसली, जशी फडक्यानं पुसावी तशी, आणि ती धुळीत सोडून दिली.

काकींनी ती उचलली नाही. त्यांनी बुवांचा दुसरा हात धरला.

आम्ही फाटकातून बाहेर पडलो तरी आत नामघोष चालूच होता, आणि गादीवर कुणी नव्हतं.